प्रतिसादाअभावी

तुम्ही खोटं लिहिलंत. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा खाली सही केलीत आणि वाचनालयाचा गोल शिक्का उठवलात. तुमचं नाव मी इथं घेणार नाही. नाव घेतलं की तुम्ही बदनामीचं रडगाणं काढून बसाल आणि कागदांचा विषय बाजूला राहील. मला कागदांवरच बोलायचं आहे.

वाचनालयाच्या शताब्दी स्मरणिकेसाठी अध्यक्ष म्हणून तुम्ही माझ्याकडे 'हृद्य आठवण' मागितलीत, पाचशे शब्दांत. आठवण देते. हृद्य आहे का ते तुम्ही बघा. पाचशे शब्दांत ती बसणार नाही.

*

"मालन, ये गं जरा. हे फॉर्म भरून घ्यायचेत," मुजावर सर शेडच्या दारातूनच म्हणाले.

तेवीस वर्षं झाली त्याला. मार्च महिना होता. बेदाण्याच्या शेडमध्ये आम्ही चौदाजणी गोणपाटावर बसून निवडणी करत होतो. काडी बाजूला, काळा मणी बाजूला, उरलेला क्रेटमध्ये. मी वीस वर्षांची होते, नववीतून शाळा सुटलेली. इलाही मुजावर म्हणजे तुमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. आमचं काम सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, आणि शेड गावापासून दोन कोसांवर. आम्ही चालत परत येईपर्यंत वाचनालयाला कुलूप. म्हणून सरांनी एक पत्र्याची ट्रंक मिळवली, तीत तीस पुस्तकं भरली आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती सायकलच्या कॅरिअरला बांधून शेडवर आणायला लागले. ग्रंथपेटी. ही कल्पना त्यांची. तुम्ही फक्त ट्रंकेवर तुमच्या वडिलांचं नाव रंगवून घेतलंत.

चौदाजणींत अक्षरओळख असलेल्या आम्ही तिघी, आणि न अडखळता वाचणारी मी एकटी. त्यामुळे दुपारची भाकरी झाली की तासभर मी मोठ्यानं वाचायची आणि बाकीच्या निवडत ऐकायच्या. त्या तासात माझं काम मागं पडू नये म्हणून प्रत्येकजण आपल्या निवडलेल्या मालातली एकेक ओंजळ माझ्या क्रेटमध्ये टाकायची. मुकादम आधी कुरकुरला. मग त्याच्या लक्षात आलं की पुस्तक चालू असताना बायका पाणी प्यायलासुद्धा उठत नाहीत. गप्प बसला.

सरांच्या हातातले फॉर्म छापील होते. वाचकाचं नाव, वय, शिक्षण, पुस्तकाविषयी अभिप्राय, सही.

"प्रत्येकीचा वेगळा पाहिजे," सर म्हणाले. "वाचनालयाला वरचा वर्ग मिळवायचाय, म्हणजे सरकारी अनुदान वाढेल. मे महिन्यात निरीक्षक येणार. ते विचारणार, पेटी नेता ती वाचतं का कोण? आणि वाचतात याला पुरावा काय?"

"किती वळी लिवायच्या?" तानाक्कानं विचारलं.

तानाक्का आमच्यात थोरली. साठीची, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, शाळेचं तोंड न बघितलेली. तोंड मात्र असं, की मुकादमसुद्धा तिच्या ओळीतनं जाताना चप्पल वाजवायचा नाही.

"चार-पाच ओळी," सर म्हणाले.

"आन ज्याला येत न्हाई त्यानं?"

"मालन लिहील की तुमच्या वतीनं."

"मंग ते मालनचं मत झालं. माझं कुठनं?"

"तुम्ही सांगायचं, तिनं लिहायचं."

"ती माझं गोड करून लिवती वो सर! रेशनच्या अर्जात मी म्हनलं, दुकानदार चोर हाय. हिनं काय लिवलं इचारा. लिवलं, गैरसोय होते."

सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण खरं होतं.

तानाक्का उठली. आदल्या आठवड्यात वाचून झालेलं एक पुस्तक तिनं ट्रंकेतून काढलं आणि शेवटचं पान उघडलं. तिथं तारखांचे शिक्के मारायची चिठ्ठी चिकटवलेली असते. शेजारच्या शालनला ती म्हणाली, "तुझी कुंकवाची डबी दे."

शालननं पिशवीतून डबी काढून दिली. तानाक्कानं बोट बुडवलं आणि चिठ्ठीच्या कडेला दाबलं.

"आक्का, तुमी आन कुंकवाला हात?" जरीना म्हणाली.

"कपाळाला नगं म्हनल्यात लोक. पुस्तकाला कोन म्हनलंय?" तानाक्कानं पुस्तक सरांपुढं धरलं. "हे माझं मत. चांगलं हाय, दुसऱ्यास्नी ऐकवा. लिवा तुमच्या फारमात."

जरीना बावीस वर्षांची, पहिलटकरीण, पाचवा-सहावा महिना असेल. ती म्हणाली, "आमच्यात कुंकू न्हाई चालत. मी सुरमा लावू?"

"लाव की. सुरमा म्हंजी रडवतंय, असं धरू."

"आन वंगाळ असलं तर?" शालननं विचारलं.

तानाक्कानं कोपऱ्यातल्या चहाच्या चुलीकडं बघितलं. "राख हाय की."

सर हातात कोरे फॉर्म धरून उभे होते. मला वाटलं, आता ओरडणार. पुस्तकाला वाळवी लागली तर जेवण न जाणारा माणूस तो. त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "फक्त चिठ्ठीवर. मजकुराला लागू द्यायचं नाही." फॉर्म घडी करून खिशात घातले आणि सायकलवर बसून गेले.

एवढंच झालं. त्यात कट नव्हता, कारस्थान नव्हतं.

पुढच्या दोन महिन्यांत काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुमच्या वाचनालयात झालं. आमच्याकडून परत गेलेली पुस्तकं गावातल्या टेबलावर पडली. कुणीतरी चिठ्ठी बघून विचारलं, सरांनी सांगितलं. मग निवृत्त पोस्टमास्तर विचारायला लागले, "शेडवाल्या बायकांचं कुंकू लागलेलं आहे का एखादं?" कॉलेजच्या पोरी सुरम्याची मागायच्या. वर्षानुवर्षं कपाटातून न हललेल्या पुस्तकांना नंबर लागायला लागले. रस्त्यापलीकडच्या शेडमधल्या बायकांनी सरांना अडवलं, आम्हालाही पेटी पाहिजे म्हणून. सर मला म्हणाले, "मालन, अठ्ठावीस वर्षं मी लोकांना सांगतोय, हे वाचा, ते वाचा. कुणी ऐकलं नाही. तुमच्या बोटांचं ऐकतात."

आणि मग एप्रिलच्या पेटीत सगळ्यात वर तुमचं पुस्तक आलं. तुमचं आत्मचरित्र. पाच प्रती. सरांनी ट्रंक उघडली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "हेही वाचून दाखव."

मी दाखवलं. खोटं सांगत नाही, मनापासून वाचलं. पहिल्या दिवशी वीस पानं, दुसऱ्या दिवशी वीस. तिसऱ्या दिवशी तानाक्कानं हात वर केला.

"ह्यो बाबा कोन म्हनायचा?"

मी तुमचं नाव सांगितलं. तिला ते नाव माहीत नव्हतं. तुम्हाला ते खरं वाटणार नाही, पण गावापासून दोन कोसांवर तुम्ही कुणीच नव्हता.

"ह्याला आजून भूक लागली न्हाई," तानाक्का म्हणाली.

"म्हंजी?"

"साठ पानं झाली की न्हाई? सत्कार झाला, शाळा झाली, मुंबई झाली. एकडाव तरी म्हनला का, भूक लागली? त्येच्या मळ्यात कोन राबतंय, कळलं का? मला न्हाई कळलं. बंद कर."

शालन म्हणाली, "फोटू बरं हायेत."

"मग फोटू बघ."

चुलीतली राख आली. अकराजणींनी बोटं लावली. उरलेल्या तिघींनी नाही लावली, कारण त्या तेवढ्यात पेंगल्या होत्या आणि तानाक्काचा नियम होता, न ऐकता मत द्यायचं नाही. पाचातल्या एकाच प्रतीवर राख लावली. ते पुस्तक मी ट्रंकेच्या तळाशी सारलं. मला कळत होतं.

मग आम्ही एक जाड कादंबरी धरली. नावाड्याच्या बायकोची होती. ती महिनाभर पुरली. नवरा पुरात नाव घेऊन गेलेला, ही पोर काखेला मारून काठावर उभी, आणि लोक म्हणतात घरी चल. शेवटची पस्तीस पानं उरली होती. जरीना रोज विचारायची, "नाव येती का गं? एवडंच सांग." मी सांगायची नाही, कारण मी पुढचं वाचून ठेवायची नाही. त्यांच्याबरोबरच वाचायची. जरीनाला आठवा महिना लागला होता. तिचा भाऊ मंगळवारी येऊन तिला विजापूरकडं माहेरी नेणार होता. तिनं ठरवलं होतं, शेवट ऐकायचा आणि मग जायचं.

त्या आधीच्या गुरुवारी तुम्ही आलात.

*

पांढरी गाडी, तुम्ही, निरीक्षकबाई, फोटोवाला आणि मागं सायकलवर मुजावर सर. निरीक्षकबाई तरुण होत्या, खांद्याला पिशवी, हातात वही. फोटोवाल्यानं आम्हाला एका रांगेत बसवलं, प्रत्येकीच्या हातात पुस्तक दिलं आणि "खाली बघा, वाचताय असं" म्हणाला. फोटो झाले. निरीक्षकबाईंनी एका पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं आणि विचारलं, "हे डाग कसले?"

सर काही बोलायच्या आत तानाक्कानं सगळं सांगितलं. कुंकू म्हंजी हे, सुरमा म्हंजी ते. बाई वहीत लिहून घ्यायला लागल्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, "मी पाच जिल्हे फिरले. असं कुठं बघितलं नाही. ही कल्पना कुणाची?"

तुम्ही म्हणालात, "आमचाच उपक्रम, मॅडम. ग्रंथ तळागाळापर्यंत न्यायचा तर तळागाळाची भाषा बोलावी लागते."

मी सरांकडं बघितलं. सर जमिनीकडं बघत होते.

तुम्ही खुशीत होता. ट्रंकेत हात घातलात, खालपर्यंत चाचपलंत, स्वतःचं पुस्तक बरोबर शोधून काढलंत. "आता हे बघा, हे जरा वेगळ्या प्रकारचं लेखन..." म्हणत शेवटचं पान उघडून बाईंपुढं धरलंत. आणि मग तुम्ही स्वतः बघितलंत.

"हे काय लावलंय?"

"राख," तानाक्का म्हणाली.

मी तिचा पदर ओढला. ती माझ्यावरच खेकसली. "का वडतीस गं? सायेब इचारत्यात न्हवं?"

"राख म्हणजे?" तुम्ही विचारलंत.

"राख म्हंजी फुडच्यानं येळ घालवू नये. न्हाई, कागूद चांगला हाय. पर ह्या बाबाला जल्मात भूक लागली न्हाई, सायेब. आन त्येची आई दोन डाव आली, दोनी डाव निरांजन घिऊनच. ह्येला ववाळायचं आन जायचं. त्या माउलीला बस तरी म्हनायचं हुतं की लिवनाऱ्यानं!"

निरीक्षकबाईंनी पुस्तकाचं मुखपृष्ठ बघितलं, तुमच्या तोंडाकडं बघितलं आणि वहीत डोकं घातलं. फोटोवाल्याला तेवढं जमलं नाही. त्याला हसू फुटलं.

तुम्हीही हसलात. "छान, छान. असा मोकळेपणा पाहिजे वाचकांत." गाडीत बसताना सरांना हळूच काहीतरी सांगितलंत. तुमची गाडी गेली आणि सरांनी ट्रंक भरायला घेतली.

"सर, अजून महिना भरला नाही," मी म्हणाले.

"साहेबांनी परत न्यायला सांगितलीय."

"ती नावाड्याची तेवडी ठिवा वो," जरीना म्हणाली. "पस्तीस पानं ऱ्हायल्यात. मंगळवारी मी चालले."

सरांनी कादंबरी हातात घेतली, थांबले, आणि ट्रंकेत टाकली. "रविवारी सगळ्यांना वाचनालयात बोलावलंय. तिथं बघू," एवढंच बोलले.

तानाक्कानं मला विचारलं, "झालं काय?"

"आक्का, ते पुस्तक त्यांचंच होतं."

तिनं निवडता हात थांबवला. "मग बरं झालं. दुसऱ्या कुनाकडनं कळलं आस्तं तर मागारी बोलल्यागत झालं आस्तं."

*

रविवारी सकाळी दहाला आम्ही चौदाजणी तुमच्या वाचनालयात आलो. त्यातल्या बाराजणी पहिल्यांदाच आत येत होत्या. शालननं उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. तुम्ही वाचनकक्षात लांब टेबलाच्या टोकाला बसला होता. बाजूला सर उभे, हातात एक कागद आणि शाईचं पॅड.

तुम्ही फार गोड बोललात. तेही मला आठवतं. "मी रागावलेलो नाही, हं. माझ्या पुस्तकाचा इथं प्रश्नच नाही. पण ग्रंथ म्हणजे सरस्वती. तिच्या अंगावर डाग पाडलेत तुम्ही. समितीतले लोक म्हणतात, पेटी कायमची बंद करा. मी म्हटलं, गरीब बायका आहेत, एक संधी देऊ. साधा अर्ज करायचा, झालं गेलं विसरायचं. आज अर्ज दिला की उद्या सकाळी पेटी शेडवर."

"सगळी पुस्तकं?" मी विचारलं.

"सगळी."

"ती कादंबरीपण?"

"अगं, सगळी म्हटलं ना बाळ."

उद्या सोमवार. जरीना मंगळवारी जाणार. पस्तीस पानं म्हणजे जेमतेम दोन तास, एका दिवसात आरामात होतील. मी डोक्यात एवढाच हिशोब केला. जरीना भिंतीला टेकून पोटावर हात ठेवून बसली होती आणि माझ्याकडं बघत होती. मी पुढं झाले, सरांच्या हातातून कागद घेतला, तुम्ही पुढं केलेलं पेन घेतलं आणि उभ्या उभ्या सही केली. मालन ऐवळे.

सर एकदम म्हणाले, "मालन..." आणि थांबले.

मी कागद वाचला नव्हता.

हे मी इथं स्पष्ट लिहिते, कारण आजवर कुठं लिहिलेलं नाही. माझी तीन पुस्तकं आली, मुलाखती झाल्या. 'तुम्ही वाचायला कशा लागलात' असं सगळ्यांनी विचारलं आणि मी पेटीची गोष्ट सांगितली. या सहीची कधी सांगितली नाही. मी भज्यांचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नव्हते. त्या खोलीत आमच्यातली वाचणारी बाई मी होते, आणि माझ्यापुढं आलेला तेवढा एकच कागद मी वाचला नाही.

पॅड तानाक्कापुढं गेलं.

"काय लिवलंय?" तिनं विचारलं.

"साधा अर्ज आहे, आक्का," तुम्ही म्हणालात. "नेहमीचाच मजकूर."

"आसंल. मालन, वाच."

मी कागद उचलला. शेडमध्ये वाचायची तशाच आवाजात सुरू केलं, कारण मोठ्यानं वाचायचा दुसरा आवाज मला माहीत नव्हता. "आम्ही खाली सह्या व अंगठे करणाऱ्या महिला लिहून देतो की, आम्ही वाचनालयाची बत्तीस पुस्तके विद्रूप केली आहेत. आम्ही अशिक्षित असून पुस्तकांविषयी मत देण्याची आमची पात्रता नाही..."

तिथं मी थांबले.

"फुडं," तानाक्का म्हणाली.

"सदर प्रकार ग्रंथपाल श्री. मुजावर यांच्या निष्काळजीपणामुळे व चिथावणीमुळे घडला. यापुढे समिती जी पुस्तके देईल ती आम्ही विनातक्रार वाचू. झाल्या प्रकाराबद्दल आम्ही मा. अध्यक्षांची बिनशर्त माफी मागतो."

अक्षर सरांचं होतं. सुंदर, गोलसर. चिथावणी हा शब्दसुद्धा त्यांनी नीट काढला होता.

"सर, तुम्ही लिहिलंत?" मी विचारलं.

"मजकूर सांगितला गेला," सर म्हणाले. "अक्षर माझं."

तानाक्का पॅडकडं बघत होती. मग तिनं मान वर केली. आवाज चढवला नाही. शेडमध्ये काडी दाखवून "ही ऱ्हायली बघ" म्हणायची, तसंच म्हणाली, "सायेब, एक इचारते. आमी मत दिलं तर म्हनताय बोट चालत न्हाई. आन माफीला आंगठा चालतोय व्हय?"

तुम्ही चष्मा काढून पुसलात. मग म्हणालात, "बघा बुवा. नुकसान तुमचंच आहे."

"आसू दे," तानाक्का म्हणाली. गुडघ्यावर हात देऊन उठली. तिच्यामागं शालन उठली, मग बाकीच्या. जरीनाला उठायला वेळ लागला. मी तिला हात दिला. ती उठली आणि म्हणाली, "मला वाटतंय, येत नसंल नाव." मी म्हणाले, मला माहीत नाही.

वाचनालयाच्या पायऱ्या उतरताना तानाक्का माझ्याशेजारी आली. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुला वाचाय येतंय न्हवं?" ती म्हणाली. "मग सही करायच्या आदी वाचायचं तरी हुतंस."

परत तिनं तो विषय कधी काढला नाही. सोमवारी भाकरी झाल्यावर मी माझं निवडत बसले.

जरीना मंगळवारी गेली. माहेराहून तिनं दोनदा निरोप पाठवला, एकदा भावाबरोबर, एकदा बेदाण्याच्या ट्रकवाल्याबरोबर. पोरगी झाली, आणि नावेचं काय झालं? मी काय सांगणार? तुमच्या वाचनालयाचं सभासद व्हायला दोन सभासदांची शिफारस लागायची आणि त्या रविवारनंतर मला ती द्यायला कुणी तयार नव्हतं. अकरा वर्षांनी ती कादंबरी मला मिरजेत रद्दीच्या दुकानात मिळाली. तिथंच उभी राहून शेवटची पस्तीस पानं वाचली. तोवर जरीनाचा पत्ता माझ्याकडं उरला नव्हता.

मुजावर सरांना तुम्ही देवघेवीच्या टेबलावरून उठवून मागच्या खोलीत बायंडिंगला बसवलंत. सात वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या शोकसभेत तुम्ही बोललात.

*

आता कागद. जिल्ह्याच्या कार्यालयातल्या फायली मी माहितीच्या अधिकारात मागवल्या. दोन अपिलं करावी लागली, पण मिळाल्या.

पहिला कागद त्या रविवारनंतर तीन दिवसांचा. वर्गवाढीचा प्रस्ताव. त्यात आमचा रांगेतला फोटो आहे आणि खाली लिहिलंय: 'कष्टकरी महिलांसाठी ग्रंथपेटी उपक्रम यशस्वीपणे सुरू असून अध्यक्षांच्या मार्गदर्शनाखाली महिलांनी पुस्तकांच्या शिफारशीची अभिनव पद्धत विकसित केली आहे.' वर्ग मिळाला.

दुसरा कागद त्याच तारखेचा. कार्यकारिणीच्या सभेतला ठराव. एकच ओळ: 'वाचकांच्या प्रतिसादाअभावी ग्रंथपेटी उपक्रम बंद करण्यात येत आहे.' एकाच दिवशी, एकाच पेनानं, पेटी चालू आहे आणि पेटी बंद आहे. प्रतिसादाअभावी! बत्तीस पुस्तकं त्या वेळी तुमच्या टेबलावर होती. एकेका चिठ्ठीवर दहा-दहा, अकरा-अकरा बोटं. तुम्ही चिठ्ठ्या फाडायला लावल्यात आणि नव्या चिकटवल्यात. ते काम मागच्या खोलीत सरांकडूनच करून घेतलंत.

तिसरा कागद गेल्या महिन्यातला, मला आलेलं स्मरणिकेचं निमंत्रण. 'आमच्या ग्रंथपेटीतून घडलेल्या लेखिका.' पेटीतून मी घडले, हे खरं. 'आमच्या' हे खोटं.

आणि चौथाही एक कागद त्या फायलीत निघाला. तो अर्ज. त्याच्यावर तुमची नाही, माझी सही आहे. खाली तेरा अंगठ्यांसाठी चौकोन आखलेत. तेरा कोरे आहेत. चौदाव्या जागी माझं नाव आहे, चांगल्या अक्षरात.

स्मरणिकेत तुम्हाला माझी आठवण छापायची आहे ना? मग ही छापा, आणि सोबत चारही कागद छापा. माझ्या सहीचा आधी छापा. मला त्यातून सूट नको.

तानाक्का त्र्याऐंशी वर्षांची आहे. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. काल मी तिला सांगितलं की वाचनालयाचं पत्र आलंय, त्यांना शंभर वर्षं झाली. ती म्हणाली, "त्या सायबानं मी इचारलं हुतं त्येचं लिवलंय का काय?" मी म्हणाले, नाही. "मग इचार की परत," ती म्हणाली.

म्हणून विचारते. मत द्यायला बोट चालत नाही, तर माफीला अंगठा कसा चालतो? लेखी कळवा. तुमच्या स्वतःच्या अक्षरात, दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ नका. आलं की आधी मी वाचेन, मग तिला वाचून दाखवेन. कधी पाठवताय?